वीतभर कमी

काकूंचा थोरला मुलगा हल्ली ओरडत नव्हता, आणि त्यांची तक्रार नेमकी तीच होती. बांधकाम करणाऱ्या माणसाच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायला हवा. वाळूत माती निघाली तर वाळूवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हावा, ओळंबा न लावता वीट ठेवली तर ती ठेवणाऱ्याच्याच हाताने काढवून घ्यावी. काकूंचा नवरा असाच होता. तो गेल्यावर काकूंनी धंदा सांभाळला तोही त्याच पट्टीत, आणि थोरल्याने तर आईबाप दोघांचाही गळा घेतलेला. असा हा पोरगा आताशा ‘चालेल’, ‘बघू’, ‘हरकत नाही’ एवढ्यावर दिवस काढत होता. वाळूवाल्याला चहा पाजत होता. काकू दुपारी कामावर गेल्या की म्हणायचा, आई, ऊन फार आहे, तू घरी जा.

ऊन काय आजच उगवलं होतं? उभा जन्म काकू त्या उन्हात विटा भिजवत राहिल्या, तेव्हा कुणाला पुळका आला नव्हता.

“भांडकुदळ माणूस गोड बोलायला लागला की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय,” त्या सुनेला म्हणाल्या.

सून भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. मान वर न करणारी सून म्हणजे सगळं ठाऊक असलेली सून, हे कळायला काकूंना शाळेत जावं लागलं नव्हतं. त्यांनी तिच्या पुढ्यातलं ताट ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या की घरातली भांडीसुद्धा बोलायला लागत, सुनेची काय कथा.

हळूहळू बाहेर आलं ते असं. मोठ्या रस्त्यापलीकडे एक कंपनी तीनशे घरं बांधत होती. सध्या थोरल्याच्या हातात एकच काम होतं, एका नर्सबाईच्या घराचं. तिचा नवरा चाकाच्या खुर्चीत. ती आधी कंपनीकडेच गेली होती, पण तिथल्या प्रत्येक घराला दारात दोन पायऱ्या आणि आतली दारं अरुंद. एका घरासाठी नकाशा बदलता येणार नाही, असं त्यांनी हसून सांगितलं. बाईकडे वडिलांनी दिलेली जागा होती, म्हणून ती थोरल्याकडे आली. येताना कंपनीच्या भावाचा कागद घेऊन आली. थोरल्याने तो वाचला आणि बोलून बसला, की ह्याच भावात मी तुम्हाला घर देतो, पायऱ्या नकोत तर पायऱ्या नाहीत, दारं हवी तेवढी रुंद.

“कंपनीच्या भावात?” काकूंनी दोनदा विचारलं.

सून म्हणाली, हो. आणि हे आईला सांगायचं नाही, अशी शपथही थोरल्याने घातली होती.

 घराला काय लागतं हे काकूंना तोंडपाठ होतं. कंपनीचा भावही त्यांनी ऐकला होता, आणि ऐकून त्या मनापासून हसल्या होत्या. कारण त्यांच्या मते त्या भावात घर होतच नाही, घराचं सोंग होतं. सिमेंटच्या जागी राख, लोखंडाच्या जागी तार आणि वरून रंगाचे तीन हात. आता त्याच भावात त्यांचा पोरगा घर बांधत होता. आणि पोरगा गोड बोलत होता.

त्या दिवसापासून काकूंना दुसरं काही सुचेना. जेवताना त्या थोरल्याच्या बोटांकडे बघत, सिमेंट लागलंय का आणि किती. कामावर जाऊन ओली भिंत नखाने उकरून बघत. माल बरोबर वाटे, तरी मन खाई ते खाईच. मिस्त्री, म्हणजे त्यांचा जुना गवंडी, नवऱ्याच्या काळापासूनचा माणूस. पण तोही त्यांना बघून थापी धुवायला उठू लागला होता. थोरल्याला त्यांनी एकदा आडून विचारलंच, की इतकं स्वस्त कंपनीला परवडतं कसं. तो म्हणाला, त्यांना परवडतं तर मला का नाही? वीट तीच, सिमेंट तेच, माणसं आपल्यासारखीच दोन हातांची. एकतर ते नफा कमी घेतात, नाहीतर आपणच मूर्ख आहोत. आपण मूर्ख नाही, ते चोर आहेत, असं काकू म्हणाल्या. तो पुन्हा ‘बघू’ म्हणाला आणि हात धुवायला गेला.

शेवटी काकूंनी ठरवलं, चोर आहेत हे डोळ्यांनी बघून यायचं आणि पोराच्या पदरात टाकायचं. म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर येईल आणि नर्सबाईला खरा भाव सांगायला तोंड फुटेल. त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, सुनेला बरोबर घेतलं आणि घर घ्यायला आलोय असं सांगून कंपनीच्या फाटकातून आत शिरल्या.

नमुन्याचं घर दाखवायला एक मुलगी होती. ती फरशी किती गुळगुळीत आहे हे सांगत होती तोवर काकूंनी भिंतीवर बोटं वाजवून पाहिली. भिंत भरीव वाजली. कोपऱ्याला डोळा लावला, कोपरा सरळ. न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, ते इकडेतिकडे न भटकता निमूट जाळीकडे गेलं. दार हळूच ढकललं, ते करकरलं नाही की अडलं नाही. मुलीला वाटलं म्हातारीला घर आवडलं. काकू अजून खोट शोधत होत्या.

मग त्यांनी मागच्या गल्लीत जायचं म्हटलं, जिथे अजून काम चालू होतं. मुलगी नको म्हणाली, पण काकू तोवर पोचल्या होत्या. तिथे जे दिसलं ते बघत त्या उभ्याच राहिल्या.

एका रांगेत सारखी घरं, जणू एकाच आईची लेकरं. पहिल्या घराला रंग चालला होता, दुसऱ्यात फरशी, तिसऱ्यात नळाची माणसं, चौथ्याला गिलावा, पुढे कुठे भिंती, कुठे नुसता पाया. रंगवाले पहिलं घर उरकून बादल्या उचलून दुसऱ्याच्या दाराशी आले, तोवर फरशीवाले तिथून निघून तिसऱ्यात शिरलेले. कुणी कुणाची वाट बघत नव्हतं. कुणी विटांच्या ढिगावर बसून दात कोरत नव्हतं. काकूंना आपलं काम आठवलं. गवंड्याचं होईपर्यंत नळवाला बसणार, बसून कंटाळला की दुसरीकडे जाणार, मग त्याच्या पाया पडून आणायचा, तोवर फरशीवाला बसणार. त्या बसण्याची मजुरी कोण देतं? घरमालक देतो. घराच्या भावात विटांबरोबर ते बसणंही बांधलेलं असतं, हे इतक्या वर्षांत त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिथल्या देखरेख्याने त्यांना हटकलं. पण म्हातारी नीट प्रश्न विचारते आहे हे बघून तो खुलला. सिमेंट त्यांच्याकडे कारखान्यातून थेट येतं. थोरला दुकानात रांग लावतो आणि दुकानदाराचा नफा आपल्या डोक्यावर वाहून आणतो. नकाशा एकदा काढला, एकदा मंजूर करून घेतला, आणि त्याचा खर्च तीनशे घरांत वाटला गेला. रस्ता झाला नव्हता तेव्हाच जमीन घेऊन ठेवली होती. छत ओतताना खाली लावायचं लाकूड असं कापतात की या घरातला तुकडा त्या घरात बसतो, काकूंच्या कामावरचं उरलेलं लाकूड बंबात जातं.

दोघांसाठी चूल पेटवा नाहीतर वीस जणांसाठी, पहिली काडी तेवढीच लागते. एवढं साधं होतं. काकू चोर शोधायला आल्या होत्या आणि चोर कुठेच नव्हता. त्यांना बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कंपनी चोर असती तर किती बरं झालं असतं. मग थोरला फार तर चोराच्या नादी लागला, एवढंच म्हणता आलं असतं. पण इथे ते न चोरता ह्या भावाला पोचत होते, तर एका घरावर, एका मिस्त्रीच्या जिवावर त्यांचा पोरगा त्या भावाला कसा पोचणार होता? कशातून काढणार होता?

“तुमचा सुतार दिसत नाही कुठे,” त्या काहीतरी बोलायचं म्हणून बोलल्या.

देखरेख्या हसला. सुतार कशाला? खिडक्या तयार येतात, सगळ्या एका मापाच्या. आधी त्याच मापाचा लोखंडी साचा उभा करायचा, भोवती भिंत बांधायची, साचा काढला की खिडकी आत सरकते. मग त्याने काकूंकडे निरखून पाहिलं आणि म्हणाला, “तुम्ही त्या नर्सबाईच्या कामावर असता ना? तुमच्या मुलानेच तर परवा आमच्यातल्या उरलेल्या उचलल्या. माझ्याकडूनच नेल्या. सांगितलं नाही तुम्हाला?”

काकूंनी सुनेचा हात धरला आणि पुढचं न ऐकता फाटकाकडे वळल्या.

काकूंच्या धंद्यात भिंत आधी आणि खिडकी मागून. गवंडी आपल्या अंदाजाने भोक ठेवणार, मग सुतार येणार, एकेक भोक मापणार आणि ज्याला त्याला त्याची चौकट घडवून देणार. घरातल्या दोन खिडक्या सारख्या नसत, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. म्हणून नर्सबाईच्या घराच्या भिंती कमरेपर्यंत आल्या तेव्हा, थोरला सिमेंटच्या रांगेत असताना, काकूंनी मिस्त्रीला सांगितलं होतं की एवढी भोकं कशाला, वारा आणि चोर दोन्ही आत येतील, थोरल्याने सांगितलंय त्याहून प्रत्येक खिडकी रुंदीला वीतभर कमी ठेव. लाकूडही वाचेल. मिस्त्रीने ठेवली. खिडकीवर जो काँक्रीटचा पट्टा बसतो, ज्याला सगळे लिंटल म्हणतात, तोही त्याने त्याच बेताने आखूड ओतला. त्यावर चार थर विटा आल्या, त्यावर छत आलं. आणि थोरला दिवसभर मालासाठी वणवण करणारा, त्याला नुसत्या डोळ्याने वीत काय कळणार? त्याने आईला सांगितलं नाही की खिडक्या कंपनीच्या घेतोय, कारण आई टोमणे मारील. आईने त्याला सांगितलं नाही की भोकं कमी ठेवलीत, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. सुतार होता ना.

त्या घरी गेल्या नाहीत, तडक नर्सबाईच्या घराकडे निघाल्या. वाटेत सून रिक्षा करू म्हणाली तर त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. लांबूनच छिन्नीचा आवाज येत होता. आणि थोरल्याचा आवाज येत नव्हता.

पुढच्या खोलीत मिस्त्री लाकडी घोड्यावर उभा राहून खिडकीची बाजू फोडत होता. एक बाजू फोडून झालेली, दुसरी चाललेली. पांढऱ्या खिडक्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, अंगावर अजून कंपनीचा कागद. थोरला वाकून विटांचे तुकडे भरत होता. आईला बघून तो उठला आणि म्हणाला, आई, धूळ फार आहे, तू कशाला आलीस.

काकूंनी उत्तर दिलं नाही. त्या खिडकीपाशी गेल्या, मिस्त्रीला खाली उतरवलं, एका रिकाम्या डब्यावर चढल्या आणि हात वर करून लिंटलच्या टोकाखाली घातला. भिंतीत वीतभर तरी शिरलेलं असायला हवं ते टोक आता जेमतेम दोन बोटं रुंदीच्या विटेवर बसलं होतं. दुसऱ्या टोकाला छिन्नी अजून पुरती लागायची होती. त्याच्यावर चार थर विटा होत्या, विटांवर छत होतं, आणि खाली, खिडकीशी, नर्सबाईच्या नवऱ्याची खुर्ची येणार होती. त्याला दिवसभर रस्ता दिसावा म्हणून तिने ही खिडकी मागून घेतली होती.

थोरला भराभर बोलू लागला. लिंटल आखूड आहे हे त्याला दिसत होतं, पण गिलावा जाड घेऊ, चौकटीला खाली पट्ट्या मारू, चौकटच भार पेलेल. खिडक्या परत घेत नाहीत. सुताराकडून नव्या करायच्या तर भाव कुठच्या कुठे जातो. बाई संध्याकाळी खिडक्या बघायला येणार आहे. त्यांच्याकडे ह्याच खिडक्या तीनशे घरांना बसतात, त्याच्या एका घराला बसवायला त्याने काय पाप केलंय?

“काकू,” मिस्त्री खाली बघून म्हणाला, “कमी ठेव असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

“सांगितलं होतं,” काकू म्हणाल्या. “मी कुठं नाही म्हणतेय? पण फोडायला मी नाही सांगितलं.”

 सुनेने खिडकीखाली सांडलेले तुकडे पायाने बाजूला केले. काकू डब्यावरून उतरल्या, पण डोळे वरच लागलेले. लिंटलच्या वर, विटांच्या सांध्यात, केसासारखी एक रेघ होती. ती आधीपासून होती की आता आली, ते त्यांना ठरवता येईना. त्यांनी थोरल्याला आधी टेकू लावायला लावले. तो लाकडं घेऊन आला.  टेकू ठोकताना मात्र तो बऱ्याच दिवसांनी मिस्त्रीवर ओरडला, आणि मिस्त्रीला त्यातल्या त्यात बरं वाटलं.

टेकू बसतात न बसतात तोच नर्सबाई आली. कामावरूनच आली होती, पायांत पांढरे बूट. टेकू बघून दारातच थांबली. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. काकूंना वाटलं, आता हा ‘हरकत नाही’ म्हणेल. म्हणाला असता तर त्या बोलणार होत्या, सगळं बोलणार होत्या. पण आपण बोललो तर हा कायमचा गेला, हेही त्यांना कळत होतं, म्हणून त्यांनी ओठ दातांखाली धरले.

 थोरल्याने तिला खिडकीपाशी नेलं आणि सांगितलं. खिडक्या कुठून आणल्या, भोकं का कमी राहिली, काय फोडलं, फोडल्याने काय झालं. ही बाजू पुन्हा विटांनी भरावी लागेल, खिडक्या सुताराकडून मापाच्या करून घ्याव्या लागतील. आणि कंपनीच्या भावात हे घर होणार नाही. कधीच होणार नव्हतं. आधी मला ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा सांगायची लाज वाटली, असं तो म्हणाला.

नर्सबाईने टेकूला हात लावून पाहिला. रोग्याची नाडी बघावी तसा.

“म्हणजे तुम्ही मला फसवत होता की चुकत होता?” तिने विचारलं.

“आधी चुकत होतो,” थोरला म्हणाला. “आज दुपारी दुसरं चाललं होतं.”

ती काकूंकडे वळली. म्हणाली, तुम्ही जुन्या आहात, तुम्हीच सांगा, कंपनीची घरं वाईट असतात का? काकूंच्या जिभेवर राख, तार, रंगाचे तीन हात सगळं तयार होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या भिंतीला बरं म्हटलं नव्हतं.

“मी आत्ताच बघून आले,” त्या म्हणाल्या. “घरं चांगली आहेत. तुझ्या माणसाची खुर्ची त्यांच्या दारातून जात नाही, एवढंच. ती जाईल असं घर एकटं बांधावं लागतं, आणि एकट्याने बांधलेलं महाग पडतं.”

बाई बराच वेळ खोलीत फिरली. रुंद दारातून एकदा आत गेली, एकदा बाहेर आली. मागच्या खोलीचा अजून नुसता पायाच होता. ती काढून टाकली तर किती उतरेल, असं तिने विचारलं. थोरल्याने पटकन एक आकडा ओठांवर आणला, मग गिळला, आणि हिशेब करून उद्या सांगतो म्हणाला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. नवऱ्याशी बोलते, एवढं म्हणून ती निघाली. फाटकाशी जाऊन तिने एकदा वळून टेकूकडे पाहिलं आणि मग रस्त्यापलीकडे, कंपनीच्या रांगेकडे. काकूंनी तेही पाहिलं.

मिस्त्री थापी धुवायला गेला. सून पांढऱ्या खिडक्यांवर उगाच पोतं पांघरत होती. थोरला विटांच्या ढिगावर बसला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच बसलेला दिसत होता.

“गेली ती,” तो म्हणाला. “आता येत नाही. बोललीस तूही, त्यांची घरं चांगली म्हणून.”

काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याच्या केसांत विटेची लाल धूळ बसली होती, ती त्यांनी झटकली नाही.

“भाव ऐकून ती गेली तर तो तुझा गुन्हा नाही. त्यांची तीनशे आहेत आणि तुझं एक, ह्यात कुणाच्या बापाचं काही चालत नाही. पण त्या भिंतीवर गिलावा ओढून तू तिला आत राहायला लावलं असतंस, आणि मला नंतर कळलं असतं, तर पोटचा असलास तरी मी तुला दारात उभा केला नसता. तू शेवटी बोललास, म्हणून तुझ्याशी बोलतेय. ऊठ. उजेड आहे तोवर ती बाजू भरून काढ, आणि बाई आली नाही तरी भर.”